नागपूरच्या पाण्यात ड्वार्फ सिक्लिड : पीएचच्या आधी काय मोजावे

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेसा भागातील एका सदनिकेत अडीच फुटी टँक आहे, त्यात साधारण ९० लिटर पाणी मावते आणि ते पाणी बोअरवेलचे आहे. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा आकडा, ८.२ च्या आसपास येतो. रॅमची एक जोडी आणि काही अपिस्टोग्रामा अगासिझी आणले; हे दोन्ही ड्वार्फ सिक्लिड, म्हणजे सिक्लिड कुळातले छोटे मासे. पीएच कमी करण्यासाठी दुकानातून मिळालेले द्रावण रोज टाकले, तरी दोन-तीन महिन्यांत मासे एकेक करून गेले. अशा माशांना नेमके कसे पाणी लागते आणि ते नागपुरात घरच्या घरी कसे तयार करावे, हे प्रश्नकर्त्यांना हवे आहे.

सुरुवात पीएचपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पीएच हा पाण्यातील इतर गोष्टींचा परिणाम असतो. आधी पाण्यात एकूण क्षार किती विरघळलेले आहेत आणि त्यात कार्बोनेट किती आहे, हे पाहावे. त्यानंतर तापमान, त्यानंतर टँकमधील सेंद्रिय घाण आणि नायट्रेट यांचा विचार करावा. हे तीन विषय मार्गी लागले की पीएच बहुतेक वेळा आपोआप योग्य जागी येऊन स्थिरावतो. ते मार्गी न लावता केवळ पीएचच्या आकड्यामागे धावले की आपल्याकडे झाले तसे होते. मासे ८.२ ला मरण्यापेक्षा रोज ८.२ वरून ७ वर आणि पुन्हा ८.२ वर जाण्याने मरण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. या दोन आकड्यांमध्ये आम्लतेचा सुमारे १६ पट फरक आहे आणि माशाच्या कल्ल्यांना तो दररोज सोसावा लागतो.

ड्वार्फ सिक्लिड म्हणून दुकानात जे मासे मिळतात, ते सगळे एका प्रकारच्या पाण्यातले नाहीत. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात काळे, पांढरे आणि स्वच्छ अशा तीन प्रकारच्या पाण्याच्या नद्या आहेत. हाराल्ड सिओली या जर्मन शास्त्रज्ञाने केलेली ही विभागणी आजही वापरली जाते. रिओ नेग्रोसारख्या काळ्या पाण्याच्या नदीत पीएच ४ ते ५ असतो आणि क्षार इतके कमी असतात की विद्युतवाहकता १० मायक्रोसिमेन्सच्या आसपास भरते. आपल्या घरच्या आरओचे पाणीसुद्धा सहसा त्याहून जास्त क्षारयुक्त असते. डायक्रॉसस फिलामेंटोसस या ड्वार्फ सिक्लिडचे घर या प्रकारच्या पाण्यात आहे. अगासिझी ॲमेझॉनच्या मोठ्या पट्ट्यात आढळतो, परंतु तोही मृदू पाण्याचा मासा आहे. रॅम व्हेनेझुएला आणि कोलंबियातील ओरिनोको खोऱ्याच्या गवताळ सपाट प्रदेशातून येतो, जिथे पाणी उथळ, मृदू आणि चांगलेच गरम असते. पेरूकडील काकाटुओइडिस हाही अपिस्टोग्रामाच, पण तो त्यामानाने जास्त क्षार सहन करतो. बोरेली हा अपिस्टोग्रामा पॅराग्वे नदीच्या प्रणालीतला असून तो थंड पाण्यातही राहतो. क्रिबेन्सिस तर पश्चिम आफ्रिकेचा, नायजेरियाकडचा आहे. म्हणून 'ड्वार्फ सिक्लिडला कोणते पाणी' असे विचारण्याऐवजी 'या जातीला कोणते पाणी' असे विचारावे.

क्षारांना एवढे महत्त्व का, हे समजून घेतले तर पुढची सगळी कामे सोपी होतात. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी सतत शरीरात शिरत राहते आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. मासा भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतून सोडियम व क्लोराइड पुन्हा ओढून घेतो. अत्यंत मृदू पाण्यात पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या माशाची ही यंत्रणा त्या पाण्यासाठी घडलेली असते. जड पाण्यात प्रौढ मासा जगू शकतो, अनेक महिने बराही दिसतो. पण अंड्यांच्या बाबतीत फरक लगेच दिसतो. कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात अंड्याचे आवरण कडक होते, फलन आणि उबवणी दोन्ही बिघडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडतात. आम्लधर्मी, मृदू पाण्यात बुरशी आणि जिवाणूंची वाढही कमी असते. मादी जोमदार आहे, नर रंगात आहे, तरी प्रत्येक वेळी अंडी पांढरी होतात, अशी तक्रार ऐकली की मी सर्वप्रथम पाण्याचा जडपणा विचारतो.

आता पीएच कमी करणाऱ्या द्रावणाविषयी. पाण्यातील बायकार्बोनेट म्हणजे केएच. टँकमध्ये आम्ल टाकले की बायकार्बोनेट ते शोषून घेते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. काही तास पीएच खाली दिसतो, मग हा वायू हवेत निघून गेला की पीएच पुन्हा वर येतो. केएच भरपूर असलेल्या बोअरच्या पाण्यात हे दररोज घडत राहते आणि मध्यंतरी एकूण क्षार मात्र वाढतच जातात, कारण आम्लासोबत आलेले घटक पाण्यातच राहतात. या द्रावणांत बऱ्याचदा फॉस्फेट असते, त्यामुळे काचेवर शेवाळही माजते. केएच जिथे आहे तिथेच ठेवून पीएच खाली ठेवता येत नाही.

मोजण्याची साधने साधी आहेत. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारा मीटर स्वस्त मिळतो आणि तो घ्यावाच. तो प्रत्यक्षात विद्युतवाहकता मोजून तिला एका गुणकाने गुणतो. पुष्कळ मीटरमध्ये हा गुणक ०.५ असतो, म्हणजे मीटरने १०० दाखवले तर वाहकता सुमारे २०० मायक्रोसिमेन्स समजावी. मात्र टीडीएसवरून जडपणा कळत नाही, मीठ टाकले तरी टीडीएस वाढतो. त्यासाठी जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) आणि केएचचे थेंब टाकून करायचे किट हवे. पट्ट्यांवर भरवसा ठेवू नये, कारण मृदू पाण्यात त्यांच्यावरचा १ आणि ३ यांतला फरक डोळ्याला कळत नाही. थेंबांच्या बहुतेक किटमध्ये ५ मिली पाण्याला एक थेंब म्हणजे १ अंश धरतात. तेच पाणी १० मिली घेतले तर एक थेंब म्हणजे अर्धा अंश होतो, आणि आपल्याला ज्या पातळीवर काम करायचे आहे तिथे ही बारकाई उपयोगी पडते. १ अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. बोअरचे ताजे पाणी लगेच मोजू नये. जमिनीखालून येताना त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि पीएच खोटाच कमी दिसतो. बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून २४ तासांनी मोजलेला पीएच खरा. आणि किट हाती येईपर्यंत कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर उन्हाळ्याच्या शेवटी किती जाड पांढरा थर बसतो, हे पाहिले तरी आपल्या घरच्या पाण्याचा अंदाज येतो.

नागपुरात साधारण दोन प्रकारचे पाणी घरात येते. महानगरपालिकेचे नळाचे पाणी मुख्यत्वे पेंच जलाशयाचे आणि कन्हान नदीचे आहे. ते पृष्ठभागावरचे पाणी असल्याने बोअरपेक्षा सहसा मृदू असते. बोअरवेलचे पाणी मात्र खडकातून झिरपत आलेले असते. शहराच्या पश्चिमेकडे दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, पूर्वेकडे आणि उत्तरेकडे वेगळे, त्याहून जुने खडक आहेत. त्यामुळे दोन वस्त्यांतील बोअरचे पाणी सारखे असेलच असे नाही आणि शेजाऱ्याच्या टँकवरून आपल्या पाण्याचा निष्कर्ष काढता येत नाही. विदर्भात अनेक ठिकाणी भूजलात नायट्रेटही जास्त सापडते. म्हणून बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी नायट्रेटची चाचणी टँकच्या पाण्याबरोबरच मूळ पाण्याचीही करावी. नाहीतर पाणी बदलून बदलून नायट्रेट कमी का होत नाही, याचे उत्तर सापडत नाही.

पाणी पिण्यायोग्य आहे म्हणून ते या माशांनाही योग्य असेल, असे मानू नये. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा आहे. २०० मिलिग्रॅम म्हणजेच ११ अंशांहून थोडा अधिक जीएच आणि ६०० म्हणजे ३३ अंशांच्या पुढे. माणसाला निर्धोक असलेले हे पाणी अगासिझीच्या अंड्यांसाठी निरुपयोगी असते. बेसा, मनीषनगर अशा भागांतील काही इमारतींत सॉफ्टनर बसवलेला असतो, त्यानेही आपले काम होत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम देतो. किटमध्ये जीएच शून्याजवळ येतो, पण केएच तसाच राहतो आणि टीडीएसही कमी होत नाही. मासा मृदू पाण्यात आहे असे फक्त कागदावर दिसते. शक्य असल्यास सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचे पाणी घ्यावे.

यानंतर खरा निर्णय येतो : माशासाठी पाणी बदलायचे की पाण्यासाठी मासा निवडायचा? मला दुसरा मार्ग नेहमीच अधिक प्रामाणिक वाटतो, विशेषतः पहिल्या टँकसाठी. आपल्याकडे फक्त बोअरचे जड पाणी असेल आणि दर आठवड्याला आरओचे पाणी साठवणे शक्य नसेल, तर निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस या आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या शंखात राहणाऱ्या माशाचा जरूर विचार करावा. तोही ड्वार्फ सिक्लिडच आहे, जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा. टांगानिकाचे पाणी ८.६ ते ९ च्या आसपास पीएचचे आणि भरपूर कार्बोनेटचे आहे. ज्या पाण्यात रॅम तग धरत नाही, त्याच पाण्यात हा मासा वसाहत करून राहतो. तळाला रेती आणि प्रत्येक माशामागे दोन-तीन रिकामे शंख ठेवले की त्यांची खोदकामे, हद्दीची भांडणे आणि शंखाच्या तोंडाशी येणारी पिले पाहण्यात संध्याकाळ निघून जाते. पाण्यात कोणतेही रसायन टाकावे लागत नाही. फक्त उन्हाळ्यात तापमान आणि ऑक्सिजन सांभाळावा लागतो.

नळाचे पाणी मिळत असेल आणि जीएच ८ ते १० च्या आत येत असेल, तर काकाटुओइडिस, क्रिबेन्सिस आणि बोलिव्हियन रॅम हे तिघे जवळपास तसेच ठेवता येतात. पीएच ६.५ ते ७.५ त्यांना चालतो. माझ्या मते नागपुरातील नवशिक्याने पहिला अपिस्टो घ्यायचा तर काकाटुओइडिसच घ्यावा. तो नळाच्या पाण्यात पिलेही काढतो, आणि पिलांना सांभाळणारी पिवळीधमक मादी पाहिल्यानंतर माणूस या छंदातून सहसा बाहेर पडत नाही. निळा रॅम (आतापर्यंत ज्याला नुसते रॅम म्हटले तो) आणि अगासिझी यांना मात्र जीएच ५ च्या खाली, केएच १ ते २ आणि पीएच ५.५ ते ६.८ च्या दरम्यान लागतो. पिले काढायची असतील तर वाहकता १५० मायक्रोसिमेन्सच्या आत ठेवावी. डायक्रॉससचे पाणी त्याहूनही मृदू असावे लागते, तो पहिल्या वर्षी आणूच नये.

आपल्याला रॅम आणि अगासिझीच ठेवायचे असतील तर आरओशिवाय मार्ग नाही, आणि आरओ नागपुरातल्या बहुतेक घरांत आधीपासूनच असतो. फक्त एक काळजी घ्यावी. घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडे मूळ पाणी मिसळणारी टीडीएस नियंत्रक झडप किंवा खनिजे देणारे कार्ट्रिज असते. त्यामुळे ग्लासात येणारे पाणी टँकसाठी हवे तेवढे मृदू नसते. तंत्रज्ञाला सांगून मेम्ब्रेननंतर (क्षार अडवणाऱ्या पडद्यानंतर), या दोन्ही भागांच्या आधी एक टी-जोड आणि छोटी तोटी बसवून घ्यावी. तिथले पाणी मूळ टीडीएसच्या ५ ते १० टक्के आले, तर मेम्ब्रेन चांगले आहे. हा आकडा वाढू लागला की मेम्ब्रेन बदलायची वेळ झाली.

नुसते आरओचे पाणी टँकमध्ये भरू नये, त्यात मूळ पाणी मोजून मिसळावे. हिशेब सरळ प्रमाणाचा आहे. समजा आपल्या बोअरचा जीएच २० आणि केएच १६ आला. एक भाग बोअर आणि सात भाग आरओ घेतले तर आठ भागांत जीएच २.५ आणि केएच २ येईल. ९० लिटरच्या टँकमध्ये आठवड्याला एक पंचमांश पाणी बदलायचे म्हणजे १८ लिटर लागतील, त्यात बोअरचे सव्वादोन लिटर आणि उरलेले पावणेसोळा लिटर आरओचे. नळाच्या पाण्याचा जीएच ८ आणि केएच ६ असेल तर एकास दोन प्रमाण पुरते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या पाण्याचे आकडे टाकून हाच हिशेब करावा आणि तयार मिश्रण एकदा मोजून पाहावे. आरओतून वाया जाणारे पाणी तयार पाण्याच्या दोन-तीन पट असते. ते फरशी पुसायला, अंगण धुवायला वापरावे. कूलरमध्ये मात्र भरू नये, ताट्या फार लवकर क्षारांनी बंद होतात.

रेती आणि दगड यांची परीक्षा घेतल्याशिवाय हे सगळे व्यर्थ जाते. कन्हानची रेती बहुतांशी गारगोटीची असल्याने चालते, पण तिच्यात शिंपल्यांचे तुकडे किंवा चुनखडी मिसळलेली असू शकते. मूठभर रेती वाटीत घेऊन तिच्यावर बाथरूम साफ करण्याचे आम्ल हातमोजे घालून थेंबभर टाकावे. फेस आला तर ती रेती मृदू पाण्याच्या टँकसाठी नाही. पांढरा संगमरवर आणि प्रवाळाचे तुकडे तर दुकानातच सोडून यावेत.

वाळलेल्या पानांविषयी बरेच गैरसमज आहेत. देशी बदामाची झाडे नागपुरातल्या अनेक आवारांत आणि रस्त्यांच्या कडेला आहेत, त्यांची आपोआप गळलेली तपकिरी पाने धुऊन, वाळवून साधारण २० ते ४० लिटरला एक या प्रमाणात टाकावीत. त्यातील टॅनिन आणि ह्युमिक द्रव्यांनी पाणी चहासारखे होते, प्रकाश मंदावतो, मासे बिनधास्त बाहेर येतात आणि पिलांना पानांवरच्या सूक्ष्मजीवांचे खाद्य मिळते. एवढे फायदे पुरेसे आहेत. परंतु केएच ८ किंवा १० असलेल्या पाण्याचा पीएच पाने खाली आणू शकत नाहीत. केएच १ असेल तरच त्यांचा परिणाम आकड्यात दिसतो. रहदारीच्या रस्त्यावरची किंवा औषधफवारणी झालेल्या बागेतली पाने घेऊ नयेत.

केएच कमी ठेवण्याचा एक धोका आहे आणि अनुभवी माणसेही तिथे गाफील राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, फिल्टरमधील जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि या कामात पाण्यातील बायकार्बोनेट खर्च होते. अमोनियातील १ मिलिग्रॅम नायट्रोजनसाठी सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट एवढी क्षारता लागते. टँकच्या भाषेत सांगायचे तर नायट्रेट लिटरमागे ११ मिलिग्रॅमने वाढले की केएच साधारण एक अंशाने घटतो. केएच २ चा टँक दोन-तीन आठवडे पाणी न बदलता राहिला, खाद्य जरा सढळ पडले, तर केएच शून्यावर येतो आणि पीएच अचानक ५ च्या खाली घसरू शकतो. पीएच ६ च्या खाली जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. त्या आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी अमोनियम या निरुपद्रवी रूपात असल्याने मासे काही दिवस ठीक दिसतात. मग कोणीतरी घाबरून बोअरच्या पाण्याने निम्मा टँक बदलतो, पीएच ८ कडे जातो आणि साचलेले अमोनियम विषारी अमोनियात बदलते. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्का विषारी असतो. ३० अंशांना आणि पीएच ८.२ ला तोच वाटा ११ टक्क्यांवर जातो. बदललेल्या पाण्यानंतर तासाभरात सगळे मासे तळाला आडवे झाले, तर अनेकदा कारण हेच असते. म्हणून मृदू पाण्याच्या टँकमध्ये दर आठवड्याला १५ ते २० टक्के पाणी, तेही त्याच मिश्रणाचे, बदलणे चुकवू नये. नायट्रेट २० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. आणि नवा टँक सायकल करायचा, म्हणजे मासे सोडण्याआधी त्यात हे जिवाणू रुजवायचे, ते काम थोड्या जड पाण्यात करावे, जिवाणू चांगले बसले की मग पाणी हळूहळू मृदू करावे.

तापमानाचा प्रश्न नागपूरकरांसाठी पाण्याइतकाच मोठा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, डिसेंबर-जानेवारीत रात्री १० च्या खाली येतो. रॅमला २७ ते ३० अंश लागतात, म्हणजे तापमानापुरता तो आपल्या उन्हाळ्याचा मासा आहे आणि हिवाळ्यात त्याला हीटर अनिवार्य आहे. अगासिझी, काकाटुओइडिस आणि क्रिबेन्सिस २४ ते २७ मध्ये सुखी असतात. बोरेलीचे उलट आहे : जडपणा त्याला बऱ्यापैकी चालतो, हिवाळा तर फारच मानवतो, पण पाणी ३२ च्या पुढे जाऊन आठवडाभर तिथेच राहिले तर तो खचतो. वातानुकूलित खोली नसेल तर नागपुरात बोरेली ठेवू नये, असेच मी सांगतो.

गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, तर ३२ अंशांना ७.३. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते आणि पाने, विष्ठा, खाद्य कुजवणारे जिवाणूही ऑक्सिजन ओढत असतात. उन्हाळ्यात पाने कमी करावीत, खाद्य निम्म्यावर आणावे आणि स्पंज फिल्टरसोबत एक एअर स्टोन रात्रभर चालू ठेवावा. वीज जाण्याची शक्यता असेल तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा.

पाणी थंड ठेवण्याचा आपल्याकडचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला छोटा पंखा. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असल्याने बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी दोन ते चार अंशांनी खाली येते. खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम घटतो, पण खोलीच थंड असल्याने गरजही घटते. मात्र याच उपायात जडपणा परत येण्याची वाट दडलेली आहे. अडीच फुटी टँकमधून नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत रोज दोन-अडीच लिटर पाणी उडते. उडते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. ही घट बोअरच्या २० अंश जीएचच्या पाण्याने भरून काढली, तर मध्ये पाणी न बदलल्यास महिन्याभरात ९० लिटरच्या टँकचा जडपणा सुमारे तेरा ते सतरा अंशांनी वाढतो. हिवाळाभर जपलेले पाणी एका मे महिन्यात वाया जाते. बाष्पीभवनाची घट नेहमी निव्वळ आरओच्या पाण्याने भरावी. मिश्रण फक्त पाणी बदलण्यासाठी.

गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी थेट टँकमध्ये सोडू नये. मेमध्ये ते हाताला सहन होत नाही आणि जानेवारीच्या सकाळी बर्फासारखे असते. झाकणाचे एक ड्रम घरात, टँकच्याच खोलीत ठेवून त्यात आदल्या दिवशी मिश्रण तयार करावे. तापमान जुळते, क्लोरीनही बराच निघून जातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला नदीचे पाणी गढूळ झाले की नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवलेला असू शकतो, त्या दिवसांत सोडियम थायोसल्फेटचे द्रावण वापरूनच पाणी घ्यावे. पावसाचे पाणी मृदू असते आणि ते मिश्रणात आरओऐवजी वापरता येते, पण पहिल्या काही सरींचे घेऊ नये. छतावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि हवेतली राख त्या सरींबरोबर उतरते. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर जुलैचा चांगला झडीचा पाऊस सुरू होईपर्यंत थांबावे आणि पाणी टीडीएस मीटरने तपासूनच साठवावे.

तापमानाचा आणखी एक परिणाम पिलांवर होतो, तो फार कमी लोक लक्षात घेतात. १९९६ मध्ये उवे रोमर आणि वोल्फगांग बाइझेनहेर्त्स यांनी अपिस्टोग्रामाच्या अनेक जातींची पिले २३, २६ आणि २९ अंशांना वाढवून पाहिली. बहुतेक जातींत जास्त तापमानाला नर अधिक आणि कमी तापमानाला माद्या अधिक निघाल्या. काही जातींत पीएचचाही प्रभाव दिसला. क्रिबेन्सिसमध्येही आम्लधर्मी पाण्यात नर वाढतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये एका वेळी निघालेल्या पिलांत सगळे नर निघाले तर नशिबाला दोष देऊ नये. दोन्ही हवे असतील तर नागपुरात पिले काढण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हीटर २६ वर ठेवून.

नवे मासे आणताना दुकानदाराला पाण्याचा टीडीएस विचारावा, किंवा स्वतःचा मीटर घेऊन जावा. आपल्याकडे येणारे बरेचसे रॅम चेन्नई किंवा कोलकात्याकडच्या फार्मवर वाढलेले असतात आणि त्यांचे पाणी रिओ नेग्रोसारखे मुळीच नसते. टीडीएस ४०० मधला मासा एका तासात ६० मध्ये टाकणे हा त्याच्यावर अन्याय आहे. वेगळ्या छोट्या टँकमध्ये दुकानाइतकेच जड पाणी तयार ठेवावे, मासे तिथे सोडावेत, खाऊ-पिऊ लागले की दोन-तीन आठवड्यांत पाणी बदलत बदलत ते मृदू करावे. लांबच्या प्रवासाने आलेल्या पिशवीबाबत मात्र रेंगाळू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली गेलेला असतो आणि अमोनिया साचलेला असतो. पिशवी उघडून तासन् तास थेंब थेंब पाणी घालत बसले तर पीएच वर येतो आणि त्याच पाण्यात मासा भाजतो. तापमान जुळवून, टीडीएस जुळलेल्या पाण्यात त्याला लवकर बाहेर काढावे.

आपल्या टँकपुरते सांगायचे तर पीएचचे द्रावण आजपासून बंद करावे. मासे नसल्याने घाईचे कारण नाही. बोअरचा जीएच, केएच आणि नायट्रेट २४ तास हवा दिलेल्या पाण्यावर मोजावा. आरओच्या मेम्ब्रेननंतर तोटी बसवून घ्यावी. रेतीची आम्लाने परीक्षा करावी. फिल्टर चालू ठेवून जिवाणूंसाठी चिमूटभर खाद्य टाकत राहावे आणि चार आठवडे दर आठवड्याला निम्मे पाणी वरच्या हिशेबाने केलेल्या मिश्रणाने बदलावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आणि केएच ३ च्या जवळ आला, आणि दोन आठवडे पीएच रोज सकाळी जवळपास तोच दिसला, की मासे आणावेत. केएच पुढच्या साप्ताहिक बदलांत २ पर्यंत येईल. ९० लिटरला रॅमची एक जोडी किंवा अगासिझीचा एक नर आणि दोन माद्या, यांपैकी एकच निवडावे. दोघांचे योग्य तापमान वेगळे आहे आणि तळाची जागा दोघांनाही हवी असते.